खालीवर टाळी

आमच्या नेरूळच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. पद मानाचं वगैरे काही नाही. निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ आणि बँकेतल्या नोकरीने लावलेली आकड्यांची खोड, अशा दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे असतात त्याच्या गळ्यात ते पडतं. वार्षिक सभेत खजिनदाराचा विषय निघाला की सगळे चहाच्या कपात बघायला लागतात, आणि मिनिटबुकात 'एकमताने निवड' असं लिहिलं जातं. तर एका रविवारी सकाळी थकलेल्या मेंटेनन्सचा चेक आणायला मी तिसऱ्या मजल्यावरच्या अंकलकडे गेलो.

अंकल मूळचे गोव्याचे, बार्देसचे. वय ऐंशीच्या पुढे. सोसायटीतले साठीचे लोकही त्यांना अंकलच म्हणतात. त्यांनी दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि मला खुर्ची दाखवली. आत रेकॉर्ड चालू होती. मी हवेत सही करून चेकची खूण केली.

"साईड सोंपूं दी," ते हळूच म्हणाले.

त्या एका साईडवर तीन तुकडे होते आणि ती चोवीस-पंचवीस मिनिटांची होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा ती एखाद्या आर्थिक वर्षाएवढी वाटली. एक ट्रंपेट, दोन सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. सुरुवातीला बासवाला काहीतरी पुटपुटला, बाकीच्यांनी त्यावर दोन सुरांत 'असेल बुवा' अशा अर्थाचं उत्तर दिलं. असं काही वेळ चाललं. भजनी मंडळात बुवांनी चरण टाकावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तसं. इथवर मी अंकलकडे बघून समजल्यासारखी मान हलवत होतो. मग ते सगळं थांबलं आणि ट्रंपेटवाला एकटाच कुठेतरी निघून गेला. त्याच्या मागून एक सॅक्सोफोन गेला, त्याच्या मागून दुसरा. माझी मान थांबली.

साईड संपली. अंकलनी सुई उचलली, चेकवर सही केली.

मी विचारलं, "अंकल, यात गाणं कुठे होतं?"

"पहिलं झालं ना. मग परत लास्टला आलं."

"आणि मधे?"

"मधे तू म्हणायचं," अंकल म्हणाले. "मनात म्हणत राव. ते लोक काय पण वाजवूं दे."

आता माझ्याविषयी सांगायला हवं, नाहीतर हे वाक्य मला किती लागलं ते कळणार नाही. मी गिरगावातला. गणेशोत्सवातल्या मैफली मांडी मोडून, म्हणजे सतरंजीवर पाय आखडेपर्यंत बसून ऐकलेला. विलंबित एकतालात गवई कितीही लांब भटकून आला तरी सम कुठे पडणार हे मला आधी कळतं, आणि मांडीवर थाप मारून ते शेजाऱ्याला कळवण्याची वाईट सवयही मला आहे. आमच्यात श्रोत्याची पदवी ही अशीच मिळते. त्यामुळे 'मनात म्हणत राव' हा एखाद्या शाळकरी मुलाला द्यावा तसा सल्ला होता. घरी आल्यावर मी ठरवलं, हे जॅझ काय आहे ते महिन्याभरात संपवून टाकायचं. बँकेत असताना खात्याअंतर्गत परीक्षा अशाच दिल्या होत्या.

मुलीने फोनवर गाणी ऐकायची सोय करून दिली. परीक्षेची सवय असलेला माणूस कठीण प्रश्न आधी सोडवतो. मी जॉन कोल्ट्रेन या मोठ्या नावापासून सुरुवात केली आणि नेमकी त्याची १९६५ सालची 'असेन्शन' लावली. अकरा वादक, चाळीसेक मिनिटं. पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यांसमोर उभं राहिलं की जे ऐकू येतं ते हेच. हमाल, हातगाड्या, मागे येणारे ट्रक, दोन दलाल आणि त्यांच्यामध्ये अडकलेला एक शेतकरी, सगळे एकाच वेळी आपापली बाजू मांडताहेत. दहाव्या मिनिटाला मी बंद केलं. (बाजारातल्या त्या कल्लोळात कुणाचाही सौदा चुकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या रात्री हे आठवलं नाही.)

अंकलना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "अरे, पोहायला शिकायला तू डायरेक्ट वाशीच्या खाडीत उडी मारली!" आणि त्यांनी मला परत त्याच पहिल्या रेकॉर्डवर बसवलं. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ साली मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेली. वादकांच्या हातात फक्त आराखडे होते, तालीम जवळजवळ नव्हतीच. ज्या कोल्ट्रेनने मला पळवून लावलं होतं तो इथेही आहे, पण वागायला बराच सभ्य आहे.

त्यातला दुसरा तुकडा 'फ्रेडी फ्रीलोडर'. मराठीत 'फुकट्या फ्रेडी'. अंकलनी बोटांवर मोजायला शिकवलं. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार झाले की एक फेरा पुरा. पुन्हा पहिल्यापासून. याला ते बारा बारचं ब्लूज म्हणतात. मी हिशेब केला. बारा चोक अठ्ठेचाळीस. आणि माझ्या अंगावर काटा आला. आमचा अतिविलंबित एकताल म्हणजे काय? बारा मात्रा आणि प्रत्येक मात्रेच्या पोटात चार. अठ्ठेचाळीसच! माझ्या गिरगावच्या सतरंजीएवढीच जागा होती ती, आणि मी तिच्यावर बसून 'सतरंजी कुठे आहे' असं विचारत होतो.

पण आकडा जुळला म्हणून सम सापडत नाही. आपल्याकडे तबलजी ठेका धरून बसलेला असतो. प्रत्येक मात्रेचा बोल ठरलेला, त्यामुळे झोपेतून उठलेल्या माणसालाही आपण कुठे आहोत ते कळतं. शिवाय गवई मुखडा घेऊन समेवर येतो तो जवळजवळ बोट धरून नेतो. जॅझमध्ये ही सोय नाही. एकदा मूळ चाल वाजवून झाली की ती कुणीच वाजवत नाही. ती तिथे असते, वादक तिच्यावरूनच चाललेले असतात, पण जमिनीखालच्या पाइपलाइनसारखी ती दिसत नाही. श्रोत्याने ती आपल्या डोक्यात चालू ठेवायची. म्हणजे आपल्या मैफलीत जे काम तबलजीचं, ते इथे बऱ्याच अंशी तिकीट काढून आलेल्या माणसाने करायचं. अंकलचा तो शाळकरी सल्ला हा अख्ख्या विषयाचा गाभा होता. मला सगळा जॅझ बेशिस्त वाटत होता, आणि ठेका माझ्याच हातून सुटलेला होता.

मग अभ्यास सुरू झाला. निवृत्त असलो तरी आठवड्यातून दोनदा मी कामासाठी सीएसएमटीला जातो. हार्बर लाइनचा प्रवास जॅझसाठी उत्तम आहे. वाशी सुटताना त्या रेकॉर्डमधला पहिला तुकडा, 'सो व्हॉट', लावायचा. नऊ मिनिटं बावीस सेकंदांचा आहे. खाडीपुलावर तिन्ही फुंकणारे आपापलं सांगून घेतात आणि मानखुर्दच्या आसपास पियानो येतो, गाडी वेळेवर असली तर. परतताना 'फुकट्या फ्रेडी'. एका दुपारी मी डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत बार मोजत होतो. समोर बसलेले एक सद्‌गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत असावेत. जुईनगरला मी डोळे उघडले तेव्हा त्यांनी आदराने विचारलं, "जप का?"

माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं, "बारा मोजतोय."

"द्वादशाक्षरी!" ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. मीही जोडले. फ्रेडीबद्दल त्यांना समजावून सांगायला नेरूळ फार जवळ आलं होतं.

'सो व्हॉट'ने मात्र मला वेगळाच धक्का दिला. हार्मोनियम काढून मी त्याचे सूर शोधले. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट! होळीत गातात तो, ठुमरीवाल्यांचा लाडका. न्यूयॉर्कमध्ये बसून माइल्स डेव्हिस काफीच्या सुरांत वाजवतो आहे या आनंदात मी पेटीवर सोबत करायला लागलो. सोळा बार झकास गेले. सतराव्याला माझी पेटी एकदम बेसूर झाली. मी परत सुरुवात केली, परत सतराव्याला तेच. शेवटी लक्षात आलं. त्यांनी षड्जच हलवला होता! सगळा काफी उचलून अर्ध्या सुराने वर नेऊन ठेवला, तिथे आठ बार नांदले आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात परत खाली. आपल्याकडे षड्ज अचल. तो हलत नाही म्हणून तर बाकीच्यांच्या हलण्याला अर्थ. मिरजेच्या एखाद्या तंबोरे करणाऱ्या कारागिराला मी हे सांगितलं तर तो भोपळा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहील. आठवडाभर मी रागावलो होतो. पण आता गंमत अशी झाली आहे की तो षड्ज वर चढण्याची मी वाट बघतो. शेजाऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर किंचित सरकवून ठेवावं आणि तेवढ्याने खोलीत उजेड वेगळा वाटावा, तसं काहीतरी होतं.

या काळात घरी थोडा त्रास झाला. ड्रमवाले काही वेळा काठ्यांऐवजी तारांचे ब्रश घेतात आणि ते चामड्यावर गोल फिरवतात. आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण तांदूळ पाखडतंय?" मी म्हटलं, अमेरिकेतले एक गृहस्थ. तिने ऐकलं थोडा वेळ. म्हणाली, "हात चांगला आहे. पण किती वेळ पाखडणार, दोन माणसांच्या भाताला?" तेव्हापासून ब्रशचं काम ऐकलं की मला सूप दिसतं. पुस्तकांतल्या वर्णनांपेक्षा हे बरं आहे.

खरं तर तीच माझ्याआधी जॅझमध्ये शिरली, आणि तेही कोल्ट्रेनच्या दारातून. 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतलं साधं, लहान मुलांसाठी असावं असं गाणं. १९६१ साली आलेल्या रेकॉर्डमध्ये कोल्ट्रेनने ते तेरा-चौदा मिनिटं फुलवलं आहे, आणि तेही सोप्रानो सॅक्सोफोनवर. हे वाद्य सरळ नळीचं आणि आवाजाने थेट सनईच्या कुळातलं. ही कणीक मळता मळता थांबली. "हे कळतं," ती म्हणाली, "हे लग्नघरातलं आहे." मला तिथे आपली नाट्यपदं आठवली. आपल्याकडे मैफलीतली चीज रंगभूमीवर आली. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'स्वयंवर'साठी ख्यालातल्या बंदिशींवर पदं बांधली आणि बंदिशी बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या ओठावर गेल्या. अमेरिकेत वाहतूक उलट दिशेने झाली. नाटकातलं गाणं वादकांनी उचललं आणि मैफलीत नेऊन रात्र रात्र आळवलं. पण रस्ता तोच. बालगंधर्वांच्या वन्समोअरांत वाढलेल्या जातीला एकच पद वीस वेळा, प्रत्येक वेळी निराळं ऐकण्याचं कौतुक कुणी नव्याने शिकवायला नको.

मला शिकावं लागलं याची मात्र लाज वाटते, कारण हे सगळं माझ्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. गिरगावातून धोबीतलावाला जाताना फुर्तादोच्या वाद्यांच्या दुकानाच्या काचेत सोनेरी सॅक्सोफोन ठेवलेला दिसे. लहानपणी ते मला नळकाम करणाऱ्यांचं काहीतरी महागडं सामान वाटे. पलीकडे जेर महालात गोव्याच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, होत्या. बोटीवरचे खलाशी, आचारी आणि वाजवणारे तिथे ट्रंक टेकवत. या माणसांना गावातल्या चर्चच्या शाळेत लहानपणीच व्हायोलिन धरायला आणि स्वरलिपी वाचायला शिकवलेलं असे, आणि १९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा संच घेऊन ताजमहाल हॉटेलात आला तेव्हा ते ऐकून घ्यायला, उचलायला मुंबईत तयार कान होते ते यांचे. १९७८ साली रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली. सॉनी रोलिन्ससारखा माणूस येऊन वाजवून गेला. मी नववीत होतो. 'यात्रा' हा शब्द वाचून आमच्या वडिलांनी विचारलं होतं, "कुठल्या देवाची?"

पण सगळ्यात मोठी फजिती पुढेच आहे. एका रविवारी अंकलनी विचारलं, तू पहिल्यांदा जॅझ कधी ऐकला? मी म्हटलं, तुमच्याकडे, त्या चेकच्या दिवशी. त्यांनी मान हलवली आणि फोनवर 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' लावलं. १९५१ चा सिनेमा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. पडद्यावर भगवानदादा. आणि वाद्यवृंदात रामचंद्रांचा उजवा हात चिक चॉकलेट. हे नाव पाळण्यातलं नव्हे. खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ, १९१६ साली हळदोण्यात जन्मलेला, ट्रंपेट असा वाजवी की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपला संच घेऊन तो 'अलबेला'च्या पडद्यावरही दिसतो. हळदोणे बार्देसमध्येच, अंकलच्या गावाहून फार लांब नाही. "आमचो मनीस," अंकल म्हणाले. तो १९६७ साली गेला. अंकल त्याच्याविषयी अजून वर्तमानकाळात बोलतात.

पुणतांब्याच्या माणसाने पेटीवर चाल बांधायची आणि हळदोण्याच्या माणसाने तिला ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि झोका द्यायचा, असा तो कारखाना होता. हा झोका म्हणजेच स्विंग. दोन सारखी पावलं टाकायची सोडून पहिलं लांब आणि दुसरं आखूड टाकायचं, की चाल आपोआप डुलायला लागते. भगवानदादांचा तो जागच्या जागी डुलणारा, दोन्ही हात आळसावून हलवणारा नाच आठवा. तो नाच न येणारा मराठी पुरुष मी पाहिलेला नाही. आमच्या वरातीत मावशीचे यजमान, दोन्ही चुलते, ऑफिसातले साहेब आणि शेवटी घोड्यावरून उतरवलेला मी, सगळे तेच नाचलो होतो. बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर हेच गाणं धरलं होतं. म्हणजे माझ्या लग्नात स्विंगवर नाच झाला, त्याचा व्हिडिओ आहे, आणि त्यानंतर पस्तीस वर्षांनी मी 'जॅझ हा आपला प्रांत नाही' असं म्हणत खुर्चीत बसलो होतो.

एक गोष्ट मला अजून जमत नाही, ती म्हणजे टाळी. आपण भजनाला टाळी देतो ती पहिल्या मात्रेवर, पोटातून. जॅझवाले चार मात्रांत दुसरीवर आणि चौथीवर देतात. ड्रमवाल्याच्या पायाखालच्या झांजासुद्धा 'चिक्' म्हणून तिथेच मिटतात. म्हणजे जिथे आपण हात उलटा करून खाली दाखवू, किंवा नुसतं बोट टेकवू, तिथे यांची टाळी. दक्षिण मुंबईतल्या एका सभागृहात मी अंकलबरोबर गेलो होतो. ड्रम आणि सॅक्सोफोन यांच्यात चार-चार बारांची देवाणघेवाण सुरू झाली. हे मला कुणी शिकवायला नको होतं, हा सरळ सवाल-जवाब. रंगात येऊन मी टाळी धरली, समेवर, आणि एका जवाबाला "वाऽ" अशी दिलखुलास दाद दिली. नेमकी तेव्हाच ड्रमवाल्याने एक बार मोकळा सोडला होता. त्या शांततेत माझा "वाऽ" शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघत होत्या. अंकल समोर बघत म्हणाले, "बरो. पण एक मात्रा थांब." परतीच्या पनवेल गाडीत वडाळ्यापर्यंत त्यांनी मला मांडीवर दुसरी आणि चौथी शिकवली. चेंबूरला मी परत पहिलीवर आलो होतो.

यंदा सोसायटीच्या गणपतीच्या विसर्जनाला कमिटीने डीजे रद्द करून बँड बोलावला. पैसे वाचत होते म्हणून खजिनदाराने सही केली. बँड गेटपाशी आला आणि क्लॅरिनेटवाल्याने 'शोला जो भडके' धरलं. सगळी सोसायटी भगवानदादा झाली. तेवढ्यात अंकल काठी टेकत खाली आले, काठी त्यांनी वॉचमनकडे दिली आणि मधोमध उभे राहून टाळी द्यायला लागले. दुसरीवर, चौथीवर. आम्ही सगळे पहिलीवर आणि तिसरीवर. तलावापर्यंत कुणी कुणाचं ऐकलं नाही, आणि आमच्या मिरवणुकीत त्या संध्याकाळी एकही मात्रा खाली गेली नाही.